पंडिता रमाबाई



यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा पंडिता रमाबाईंचेच नाव माझ्या मनात प्रथम आले. वैराग्य म्हणजे काय, हे मांजरसुंब्याच्या बायकांना सांगायला नको. कपिलधारेला मन्मथस्वामींच्या समाधीपुढे आपण हात जोडत आलो आहोत. पण विरक्त म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो घरदार सोडलेला पुरुष. कडेवर तान्हे मूल घेतलेली विधवा काही उभी राहत नाही. ख्रिस्ती धर्मातही जगाच्या हव्यासापेक्षा प्रीती, नम्रता, सहनशीलता हे आत्म्याचे गुण श्रेष्ठ मानले आहेत. रमाबाईंना पैशाचा मोह कधी नव्हताच. त्यांना सोडावा लागला तो लोकांनी दिलेला मान, आणि माझ्या मते पैशापेक्षा तोच सोडणे जास्त जड जाते.

त्यांचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे घरची गरिबी आली आणि सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास मद्रासकडच्या दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आजीबाई अजून आहेत. त्यांना विचारा, म्हणजे पोटात अन्न नसताना चालणे कसे असते ते कळेल. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास असेच चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

तिथे मात्र नशीब पालटले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, पुराणे मुखोद्गत म्हणते, हे पाहून विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी लग्न केले. १८८१ मध्ये मनोरमा झाली, आणि ती वर्षाचीही झाली नव्हती तोच पती पटकीने गेले.

मुलीला घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. बायकांना शिकवायला बायकाच हव्यात, बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात, हे त्यांचे म्हणणे. सुधारक त्यांना डोक्यावर घेत होते. त्यांनी स्वस्थ बसून कीर्तने-व्याख्याने केली असती, तरी जन्मभर शालजोड्या मिळाल्या असत्या.

१८८३ मध्ये त्या पुस्तकाच्या पैशांवर इंग्लंडला गेल्या. वैद्यक शिकायचे होते, पण कानांनी दगा दिला. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी पतित स्त्रियांना दिलेला आधार त्यांनी पाहिला. ज्यांना कोणी दारात उभे करीत नाही त्यांना जवळ घेणारी ही दया कुठून येते, हा विचार त्यांच्या मनात घोळत राहिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात मिळवलेले सारे नाव त्या एका दिवसात पणाला लागले.

आणि गंमत अशी, की ज्यांच्या धर्मात त्या गेल्या त्यांनाही त्या पुरत्या मानवल्या नाहीत. चर्चची शिकवण मुकाट्याने मान्य करा, असे सांगणाऱ्यांशी त्या वाद घालीत. मांसाहार त्यांनी केला नाही. आपली शाबासकी नाही आणि त्यांचीही नाही, अशा जागी ही बाई शांतपणे उभी राहिली.

अमेरिकेत आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहायला त्या १८८६ मध्ये गेल्या. तिथे पुस्तक लिहून, व्याख्याने देऊन त्यांनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तिथल्याच विद्यार्थिनी. सदनात धर्माची सक्ती नव्हती, पण रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून गहजब झाला. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांनाही मी दोष देत नाही, त्यांची धास्ती खरी होती. दार लावून घेतले असते तर सगळे निभावले असते. रमाबाईंनी ते लावले नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. स्वतःच्या आईबापांना त्यांनी उपासमारीत गमावले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. (आपल्या वाटेवरचे नगरचे केडगाव नव्हे, हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर रेल्वेवरचे.) १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींच्या भाकरीचे पीठ रोज कुठून आणायचे, हा हिशेब आपल्यापैकी घर चालवणाऱ्या कोणीही मनात करून पाहावा! शेती, विणकाम, तेलघाणा, गाईगुरे, छापखाना, सगळी कामे बायका करीत. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले जाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळे. परदेशातून मदत येई, पण बाई स्वतः साध्या पांढऱ्या लुगड्यात राहत.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घातली. संस्कृतची एवढी पंडिता, पण तिने मुद्दाम सोपे, खेड्यातल्या बाईला कळेल असे शब्द धरले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. टाइप जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तिसदनातल्या बायकांनीच केले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची ती एकुलती एक मुलगी! रमाबाई पुन्हा भाषांतराच्या कागदांपाशी बसल्या. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला.