सापांच्या ग्रंथालयाचा धनी

सापांविषयी एवढी पुस्तके आणि शोधनिबंध घरी-दारी जमवणारी माणसे जगात फार थोडी झाली. अमेरिकेतील सरीसृपतज्ज्ञ कार्ल पॅटरसन श्मिट हे त्यांपैकी एक. त्यांच्या संग्रहात पंधरा हजारांहून अधिक नोंदी होत्या. आणि याच माणसाचा मृत्यू सापाच्या एका छोट्याशा दंशाने झाला.

श्मिट यांचा जन्म 1890 साली शिकागोजवळच्या लेक फॉरेस्ट येथे झाला. वडील जर्मन भाषेचे प्राध्यापक. पुढे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यात शेतीवर राहायला गेले. 1913 मध्ये कार्ल कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. विषय होते जीवशास्त्र आणि भूशास्त्र. लुइझियानातील एका तेल कंपनीत काही महिने काम करताना आपला ओढा दगडांपेक्षा साप-सरड्यांकडे आहे, हे त्यांच्या लक्षात आले. 1916 मध्ये पदवी मिळताच ते न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयात रुजू झाले आणि 1922 मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आले. तेथेच त्यांची सारी कारकीर्द गेली. 1941 ते 1955 या काळात ते प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

होंडुरास, ब्राझील, ग्वाटेमाला, इस्रायल अशा मोहिमा त्यांनी केल्या. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग टेबलाशी बसून झाला. प्राण्यांना नावे देण्याच्या शास्त्रात जुने पुस्तक कधीच बाद होत नाही. लिनियसच्या 1758 सालच्या ग्रंथापासून पुढे ज्याने आधी नाव दिले, त्याचे नाव सामान्यतः टिकते. त्यामुळे बाटलीतला साप नवा आहे की शंभर वर्षांपूर्वी एखाद्या जर्मन किंवा फ्रेंच नियतकालिकात त्याचे वर्णन होऊन गेले आहे, हे ठरवायला ते जुने पान हाताशी लागते. नवे वाटलेले नाव अनेकदा अशा पानापाशी येऊन रद्द होते. म्हणून सरीसृपतज्ज्ञाला ग्रंथसंग्रह ही चैन नसते, सूक्ष्मदर्शकाइतकेच ते कामाचे साधन असते. श्मिट यांनी ते आयुष्यभर जमवले.

या बैठकीचे फळही मोठे होते. दोनशेहून अधिक प्राण्यांना त्यांनी शास्त्रीय नावे दिली. न्यू गिनी आणि फिलिपिन्समधील गोड्या पाण्यातील मगरींची नावे त्यांचीच. डी. ड्वाइट डेव्हिस यांच्यासोबत 1941 मध्ये त्यांनी अमेरिका आणि कॅनडातील सापांची हातपुस्तिका लिहिली, तर रॉबर्ट इंगर यांच्यासोबतचे जगातील सरीसृपांवरचे सचित्र पुस्तक 1957 मध्ये निघाले. ‘कोपिया’ या मासे, बेडूक आणि सरीसृपांना वाहिलेल्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी 1937 ते 1949 अशी बारा वर्षे केले.

25 सप्टेंबर 1957 रोजी शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातून ओळख पटवण्यासाठी एक लहान आफ्रिकी साप संग्रहालयात आला. लांबी जेमतेम अडीच फूट. रंगरूप बूमस्लँगचे होते. पण बूमस्लँगमध्ये गुदद्वाराजवळचा खवला दुभागलेला असतो, तो या सापात अखंड होता. श्मिट यांनी नीट पाहण्यासाठी साप हातात घेतला आणि तो त्यांच्या डाव्या अंगठ्याला चावला. एकच दात सुमारे तीन मिलिमीटर रुतला होता.

बूमस्लँगचे विषदंत तोंडात मागे असतात. अशा सापांपैकी बहुतेकांपासून माणसाला धोका नसतो. त्यात साप लहान आणि दंशही वरवरचा. श्मिट लोकलने घरी गेले आणि काय काय होते आहे ते लिहू लागले. मळमळ झाली, थंडी वाजून ताप आला, हिरड्यांतून रक्त आले, लघवीतही रक्त दिसले. सकाळी मात्र बरे वाटले. त्यांनी न्याहारी केली आणि दुसऱ्या दिवशी कामावर येतो असा निरोप संग्रहालयाला दिला. दुपारी जेवणानंतर उलटी झाली, श्वास अडखळला. तीनच्या सुमारास ते गेले. शवविच्छेदनात फुफ्फुसे, मूत्रपिंडे, हृदय आणि मेंदूत रक्तस्राव आढळला.

बूमस्लँगचे विष रक्तातील प्रोथ्रोम्बिन या प्रथिनाला चेतवते. त्यामुळे रक्तवाहिन्यांत जागोजागी सूक्ष्म गुठळ्या होत राहतात आणि गोठण्यासाठी लागणारी प्रथिने संपून जातात. मग रक्त गोठतच नाही, आतल्या आत झिरपत राहते. हे सारे हळूहळू घडते. चावल्या जागी फारसे काही दिसत नाही, मध्येच उतार पडल्यासारखे वाटते आणि रुग्ण फसतो. श्मिट यांची ती सकाळ अशीच होती.

महाराष्ट्राला हे विष परके नाही. बूमस्लँग आपल्याकडे नाही. पण कोकणात सर्रास आढळणाऱ्या फुरशाचे विषही प्रोथ्रोम्बिनवरच काम करते. फुरसे वीतभर असले, दंश साधा ओरखडा वाटला, तरी दवाखाना गाठायलाच हवा. तेथे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले, तर ते गोठत नाही हे कळते. अशा वेळी प्रतिविष हाच खरा उपाय. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. बरे वाटले म्हणून रुग्णाला लगेच घरी नेणे धोक्याचे ठरते.

श्मिट यांनी लिहिलेल्या त्या नोंदी 1958 मध्ये ‘कोपिया’त प्रसिद्ध झालेल्या लेखातून जगापुढे आल्या. मागे विषदंत असलेल्या सापांना निरुपद्रवी समजण्याची सवय त्यानंतर अभ्यासकांनी सोडली. त्यांचा ग्रंथसंग्रह फील्ड म्युझियममधील कार्ल पी. श्मिट स्मृती ग्रंथालयाचा पाया ठरला. एखादे जुने नाव तपासण्यासाठी सरीसृपांचे अभ्यासक आजही अशीच पाने उलटतात.