हिमप्रदेशातील वैयाकरण : मॅथियास कास्ट्रेन

‘तो मुलगी पाहतो आहे’ आणि ‘तो मुलीला पाहतो आहे’ ही दोन वाक्ये मराठी माणूस एकमेकांच्या जागी कधी वापरणार नाही. पहिल्यात लग्नाचा विचार आहे, तर दुसऱ्यात समोरची एक विशिष्ट मुलगी. दोहोंत फरक आहे तो केवळ ‘ला’ या प्रत्ययाचा. वाक्यातील सगळ्याच कर्मांना प्रत्यय न लावता काहींनाच लावायचा, ही रीत मराठीपुरती मर्यादित नाही. रशियाच्या उत्तरेत, उरल पर्वताच्या पश्चिमेला बोलल्या जाणाऱ्या कोमी भाषेत माणूस किंवा प्राणी कर्मस्थानी आला, की त्याला बहुधा प्रत्यय लागतो. निर्जीव वस्तू बहुधा प्रत्ययाविनाच राहते. या रीतीला भाषाशास्त्रात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० च्या दशकात. परंतु कोमी आणि तिच्या भगिनीभाषांची आरंभीची व्याकरणे सिद्ध करणाऱ्यांत एक नाव अग्रभागी आहे, ते मॅथियास अलेक्झांडर कास्ट्रेन यांचे.

कास्ट्रेन यांचा जन्म २ डिसेंबर १८१३ रोजी उत्तर फिनलंडमधील तेर्वोला येथे एका धर्मोपदेशकाच्या कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. १८०९ पर्यंत स्वीडनच्या अमलाखाली असलेला फिनलंड तेव्हा रशियाच्या झारकडे गेला होता, तरी शिक्षणाची आणि प्रतिष्ठेची भाषा स्वीडिशच राहिली होती. बहुसंख्य जनतेची फिनिश भाषा मात्र विद्यापीठाच्या दाराबाहेर होती. ग्रीक व हिब्रूच्या अभ्यासासाठी हेलसिंकीला आलेले कास्ट्रेन याच उपेक्षित भाषेकडे ओढले गेले. एलियास ल्योनरोट यांनी लोकगीतांतून सिद्ध केलेल्या ‘कालेवाला’ या महाकाव्याचा त्यांनी केलेला स्वीडिश अनुवाद १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

फिनिश भाषेचे नातलग कोण आणि ते कोठे आहेत, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर ग्रंथालयात मिळणारे नव्हते. १८४१ च्या अखेरीस ते ल्योनरोट यांच्यासह लॅपलंडकडे निघाले. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि कास्ट्रेन टुंड्रा प्रदेशातील नेनेत्स लोकांमध्ये, कोमी गावांमध्ये राहून शब्द आणि रूपे टिपत राहिले. रेनडिअरच्या घसरगाड्या, धुराने कोंदलेल्या झोपड्या आणि हाडे गोठवणारी थंडी अशा परिस्थितीत हे काम चालले होते. उरल ओलांडून ते ओब्दोर्स्कला पोहोचले खरे. पण प्रकृती ढासळल्याने १८४४ मध्ये त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी त्यांचे कोमी भाषेचे व्याकरण छापून झाले, तर पुढील वर्षी मारी भाषेचे.

क्षयाने पोखरलेल्या माणसाने येथेच थांबायला हवे होते. पण १८४५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या वतीने ते सैबेरियात गेले आणि येनिसेई नदीच्या खोऱ्यापासून चीनच्या सरहद्दीपर्यंत सुमारे चार वर्षे हिंडले. ज्या भाषांचे भाषक बोटांवर मोजण्याइतके उरले होते, त्यांच्याही नोंदी त्यांनी केल्या.

शब्द बाजारातील मालाप्रमाणे एका भाषेतून दुसरीत सहज जातात. नात्याचा भक्कम पुरावा व्याकरणात शोधावा लागतो, अशी त्यांची धारणा होती. या भाषांत कर्माला मिळणारी वागणूक पाहिली, की व्याकरणाचे हे दालन किती समृद्ध आहे ते कळते. फिनिशमध्ये पुस्तक वाचून संपवले तर ‘पुस्तक’ या शब्दाचे रूप एक, वाचन अपुरे राहिले तर दुसरे. हंगेरियनमध्ये कर्म निश्चित आहे की अनिश्चित, यावर क्रियापदाचे रूप बदलते. नेनेत्समध्ये तर कर्म एक आहे, दोन आहेत की अनेक, हेही क्रियापद सांगू शकते. कास्ट्रेन यांनी १८५० मध्ये प्रबंध लिहिला तो पुरुषवाचक प्रत्ययांवर. फिनिश आणि सामोयेद भाषांचे नाते त्यांनी दाखवले, ते आज उरालिक भाषाकुल म्हणून सर्वमान्य आहे. तुर्की व मंगोल भाषांनाही त्याच कुळात गोवण्याची त्यांची कल्पना मात्र पुढे टिकली नाही.

१८५१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील फिनिश भाषेच्या पहिल्या अध्यासनावर कास्ट्रेन यांची नियुक्ती झाली. ज्या भाषेला विद्यापीठात स्थान नव्हते, तिचे ते पहिले प्राध्यापक ठरले. हे पद त्यांना जेमतेम वर्षभर लाभले. सामोयेद भाषांचे व्याकरण हाती असतानाच ७ मे १८५२ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे तरुण पत्नी आणि तान्हा मुलगा होता.

त्यांच्या वह्यांचे ढीग अकादमीतील आंटोन शिफनर यांनी निगुतीने लावले. सामोयेद व्याकरण १८५४ मध्ये निघाले आणि प्रवासवर्णनांसह सारे लेखन १८६२ पर्यंत बारा खंडांत प्रसिद्ध झाले. सायान पर्वतालगत बोलल्या जाणाऱ्या कमास भाषेच्या नोंदीही त्यात आहेत. तिच्या अखेरच्या भाषक क्लावदिया प्लोत्निकोवा १९८९ मध्ये वारल्या. आज ती भाषा बोलणारे कोणी नाही. तिचे व्याकरण अभ्यासू पाहणाऱ्याला आजही कास्ट्रेन यांनी कडाक्याच्या थंडीत केलेल्या त्या नोंदींकडे वळावे लागते.