रडायचं की आनंद मानायचा? बायबलमधला पेच आणि पंडिता रमाबाईंचं आयुष्य

पंडिता रमाबाईंचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन हेही माहीत असतं. पण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

बायबल वाचणाऱ्याला एक पेच हमखास पडतो. पौल फिलिप्पैकरांना सदा आनंदात राहायला सांगतो. संकटं आली की आनंद माना, असं याकोब म्हणतो. त्याच ग्रंथात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, हसण्यापेक्षा दुःख बरं असं उपदेशक सांगतो आणि मित्राच्या कबरीपाशी येशू स्वतः रडतो. मग खरं काय?

रमाबाईंसाठी हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. दुष्काळ पडला आणि उपासमारीत वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. दोन वर्षं होण्याआधीच पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. भूक काय असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यातूनच केडगावची वस्ती उभी राहिली.

भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह होता. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. तिथे बायकाच काम करत.

भाषांतर करणाऱ्याला नकोशी ओळ गाळता येत नाही. ईयोबाचा आक्रोशही लिहावा लागतो आणि पौलाचा आनंदही. शिवाय संदर्भ पाहिला की पेच बराचसा सुटतो. पौल ते पत्र कैदेतून लिहीत होता, सुखात बसून नव्हे. ईयोबाच्या गोष्टीत देव शेवटी ठपका ठेवतो तो त्याच्या मित्रांवर. तुझं दुःख ही तुझ्याच पापाची शिक्षा, असं ते त्याला सुनावत होते. आणि हाच पौल रोमकरांना सांगतो, रडणाऱ्यांबरोबर रडा. म्हणजे आनंदाची आज्ञा ही अश्रूंवरची बंदी नाही. दुःखातही आशा सोडू नका, असा तिचा अर्थ आहे.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. आईचं काम तीच पुढे नेणार होती. रमाबाईंनी भाषांतर अर्धवट सोडलं नाही. शेवटच्या दिवसांतही त्या मुद्रितं तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं आणि संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं.

त्या भाषांतरात दोन्ही ओळी आहेत, रडण्याचीही आणि आनंदाचीही. केडगावला आलेल्या मुलींनाही आधी रडायला जागा मिळाली आणि मग जेवण, शिक्षण आणि हाताला काम.