महदाइसांचे कुळ आणि रामसगाव

गोदावरीच्या उत्तर तीरावर, आजच्या जालना जिल्ह्यात, रामसगाव नावाचे गाव आहे. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा वेगळा झाला; तोपर्यंत हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. दक्षिण तीरावर बीड जिल्ह्यात पुरी हे गाव आणि श्रीदत्तात्रेयप्रभूंच्या संबंधाने पावन झालेले आत्मतीर्थ पांचाळेश्वर आहे. देवगिरीच्या राजसत्तेकडून येणारी पावले आणि तीर्थाला निघालेली पावले, दोन्ही या तीरावर एकत्र येत. अशा ठिकाणी वसलेल्या विद्वान कुळाची कीर्ती दूरवर गेली, यात नवल नाही.

या कुळाची प्रतिष्ठा एका स्त्रीच्या पांडित्याने वाढली, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. वामनाचार्यांच्या पत्नीचे नाव महदाइसा होते. यादवांच्या सभेत त्यांनी शास्त्रार्थ जिंकला व त्यामुळे कुळास गोदाकाठी वृत्ती मिळाली. पुरुषांच्या नावे चालणाऱ्या वंशावळीत हे स्थान आजीचे आहे, हे विसरता येत नाही. पुढे वायनायक व कामाइसा यांच्या पोटी जी कन्या झाली, तिला आजीचेच नाव ठेवण्यात आले. श्रीनागदेवाचार्य हे याच कुळातील माधवभट व आबाइसा यांचे पुत्र, म्हणजे महदाइसांचे चुलत बंधू.

बालवयातच महदाइसांना वैधव्य आले. त्या काळी उच्च कुळातील विधवेपुढे वाट एकच असे: माहेरच्या ओसरीवर बसून आयुष्य सारावे. अन्नवस्त्राची चिंता नव्हती. प्रश्न जीवाच्या उद्धाराचा होता. प्रथम त्या रामदेव दादोसांच्या शिष्या झाल्या आणि त्यांच्याद्वारेच सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींपर्यंत पोहोचल्या. स्वामींच्या ठायी त्यांचे मन असे स्थिरावले की पहिला गुरुसंबंध मागे पडला. वृत्तीवर वाढलेल्या कुळातील लेकीने झोळी घेऊन चारी वर्णांच्या दारी भिक्षा मागावी, हा त्याग लहान नव्हे. आजीने वादात जिंकून जे मिळविले, ते नातीने सोडून दिले.

सोडले ते धन. बुद्धीचा वारसा मात्र तसाच राहिला. लीळाचरित्रात महदाइसा वारंवार प्रश्न विचारताना दिसतात. स्थानाविषयी, आचाराविषयी, पूर्वकथेविषयी त्यांना जाणून घ्यावयाचे असते, आणि एका उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. स्वामींनी या जिज्ञासेचे कौतुकच केले. त्यांनी विचारले नसते तर कितीतरी निरूपण शब्दात उतरलेच नसते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या, तेव्हा अशा प्रत्यक्ष साक्षीदारांच्या स्मरणाचाच त्यांना आधार होता.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर भक्तपरिवार रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या संनिधानी राहिला. प्रभूंना विवाहाची लीळा करण्याची प्रवृत्ती झाली आणि धवळे गाण्याचे काम महदाइसांकडे आले. लग्नघरी बायका वराची गाणी गातात. त्याच रीतीने त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा गायिली. पुढे ती पूर्ण करण्यात आली, आणि हे सुमारे दीडशे धवळे मराठीत टिकून राहिले. मातृकी रुक्मिणी स्वयंवर ही अक्षरक्रमाने बांधलेली रचनाही त्यांच्याच नावावर आहे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून साहित्याच्या इतिहासात त्यांना मान मिळतो. जिच्या स्वतःच्या संसाराला बालपणीच विराम मिळाला, तिच्या मुखी मराठीचे पहिले लग्नगीत यावे, हा योग विलक्षण होय.

गोविंदप्रभूंच्या नंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. चुलत बहीण म्हणून महदाइसांना काही वेगळा अधिकार मिळाला असे नाही. त्या इतर भिक्षुणींप्रमाणेच राहिल्या. परंतु आचार्यांच्या मनात या वृद्ध स्त्रियांचे स्थान काय होते, ते स्मृतिस्थळातील एका प्रसंगावरून कळते. विद्वान शिष्य संस्कृतातून ग्रंथरचना करू पाहत होते. विद्येचा मोह त्यांनाही होताच. आचार्य स्वतः पंडितकुळातले, संस्कृताचे वैर त्यांना असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी त्या शिष्यांना आवरले. संस्कृतात ग्रंथ झाला तर आपल्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकतील, एवढेच कारण त्यांनी दिले, आणि शास्त्र मराठीतच राहिले.