विश्लेषण : लस किती जणांनी घेतली, किती जणांनी नाही? हाफकिन यांनी प्लेगचा हिशेब कसा मांडला?

२०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा घरोघरी जाऊन ताप-पुरळ असलेली आणि लशीचे डोस राहून गेलेली मुले शोधण्यात आली. गोवंडी-मानखुर्दहून खाडीपूल ओलांडला की वाशी. त्यामुळे नवी मुंबईलाही ही साथ दूरची नव्हती. लस घेतलेले आणि न घेतलेले यांची अशी वेगवेगळी मोजणी मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वी एका परदेशी शास्त्रज्ञाने केली होती.

हाफकिन कोण होते?

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

मुंबईत काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली, व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, मग उष्णतेने मारून लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी स्वतःला टोचून घेतली.

लस चालते, हे कसे कळले?

त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांनाच लस देण्यात आली. अन्न, जागा, काम सगळ्यांचे सारखेच होते. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातील ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना लागण झाली, मृत्यू एकही नाही.

१८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावात प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, तर न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६. घर तेच, चूल तीच, फरक फक्त लशीचा.

लोक लस घ्यायला तयार होते का?

सहजासहजी नाही. १८९७च्या साथरोग कायद्यानंतर घरांची झडती आणि रुग्णांना सक्तीने हलवणे सुरू झाले. लोक आजारी माणसे लपवू लागले आणि रुग्ण लपला की साथीचा मागच तुटतो. हाफकिन यांची लस मात्र ऐच्छिक होती. तरुण आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतल्यावर खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले.

मुल्कोवालची दुर्घटना काय होती?

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस देण्यात आली. त्यातील एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. प्रत्यक्षात ती बाटली उघडताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नव्हते. कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली याची नोंद होती, म्हणून दोष एकाच बाटलीपर्यंत नेता आला. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कोलकात्यात काम करावे लागले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे.

आज याचा उपयोग काय?

आजही साथीचा माग असाच काढला जातो : ताप-पुरळाचा रुग्ण आढळला की नोंद, तपासणी, आजूबाजूच्या घरांत शोध आणि कोणाचा डोस राहिला याची चौकशी. गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या वयात, दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. घर बदलताना, गावी जाताना बाळाचे लसीकरण कार्ड सोबत ठेवायला हवे. साथ आली की आरोग्य कर्मचारी आधी तेच मागतात.