न दिसणाऱ्याचा शोध : मायकेल फॅरडे



डोळ्यांना दिसत नाही ते खरे मानावे का, हा प्रश्न लहानथोर सगळ्यांनाच कधी ना कधी पडतो. देव दिसत नाही, सत्य दिसत नाही, चुंबकाचे बळही दिसत नाही. मग यातले खरे काय आणि मनाचे खेळ कोणते? या प्रश्नाशी आयुष्यभर प्रामाणिक राहिलेल्या एका थोर शास्त्रज्ञाची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत. त्यांचे नाव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील लोहार, त्यातून प्रकृतीने अधू. शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते झाले. चौदाव्या वर्षी मायकेल रिबो नावाच्या बुकबाइंडरकडे कामाला लागला आणि सात वर्षे तेथेच राहिला. बांधणीला आलेली पुस्तके तो रात्री वाचून काढी. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्राचे पुस्तक त्याला फार आवडले. मात्र वाचले म्हणून खरे मानले, असे त्याने केले नाही. जमेल तो प्रयोग तो स्वतः करून पाही.

१८१२ साली त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्यांची टिपणे सुबक बांधून त्याने डेव्हींकडेच पाठवली. १८१३ च्या मार्चमध्ये त्याला तेथे मदतनीसाची नोकरी मिळाली. पुढे त्याच संस्थेत फॅरडे यांचे सारे आयुष्य गेले.

फॅरडे यांचे घराणे सँडेमॅनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. साधे राहावे, धन साठवू नये, अशी त्या पंथाची शिकवण. १८२१ मध्ये लग्न झाल्यानंतर सुमारे महिन्याभराने फॅरडे यांनी या पंथाची रीतसर दीक्षा घेतली आणि ती अखेरपर्यंत पाळली. रविवारी प्रार्थनागृहात आणि इतर दिवशी प्रयोगशाळेत, असा त्यांचा क्रम होता.

प्रयोगशाळेतही त्यांचा संबंध अदृश्याशीच आला. १८३१ साली त्यांनी विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज आपल्या घरी येणारी बहुतेक वीज ज्या जनित्रांतून येते, त्यांच्या मुळाशी हाच शोध आहे. पण फॅरडे यांना त्याहून मोठे कोडे पडले होते. कागदाखाली चुंबक धरून वर लोहकीस टाकला की वक्र रेषा उमटतात, हे तुम्ही आपल्या प्रयोगशाळेत पाहिले असेल. त्या काळच्या बहुतेक विद्वानांच्या मते बळ हे रिकाम्या जागेतून दूरच्या वस्तूवर थेट काम करी. मधल्या जागेत काहीच नसे. फॅरडे यांना मात्र वाटले, की लोहकीस उचलून घेतला तरी तेथे काहीतरी उरते. रेषा दिसत नाहीत, पण त्या आहेत.

गणित येत नसल्यामुळे त्यांच्या या कल्पनेकडे अनेकांनी लक्ष दिले नाही. ते प्रयोग करीत राहिले. १८४५ साली त्यांनी जड काचेतून ध्रुवीकृत प्रकाश पाठवला आणि शेजारी प्रबळ विद्युतचुंबक ठेवला. प्रकाशाच्या कंपनाची दिशा थोडीशी वळली. चुंबक आणि प्रकाश यांचे नाते प्रथमच सिद्ध झाले. पुढे मॅक्सवेल यांनी फॅरडे यांच्या कल्पनेला गणिताचे रूप दिले, आणि १८८७-८८ मध्ये हर्ट्झ यांनी विद्युत-चुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून दिल्या. आपले रेडिओ आणि मोबाइल याच न दिसणाऱ्या लहरींवर चालतात.

मग अदृश्य म्हटले की फॅरडे सारेच खरे मानीत होते का? मुळीच नाही. १८५३ च्या सुमारास लंडनमध्ये टेबल फिरवण्याचे वेड पसरले होते. आपल्याकडे वाटीवर बोटे ठेवून प्लँचेट करतात, तसाच हा प्रकार. माणसे टेबलावर हात ठेवून बसत, टेबल हलू लागे, आणि लोक म्हणत की आत्मे आले. फॅरडे यांनी टवाळी केली नाही, परीक्षा घेतली. हात आणि टेबल यांच्यामध्ये त्यांनी मऊ चिकट पदार्थाने जोडलेल्या पुठ्ठ्यांची चळत ठेवली. वरचे पुठ्ठे खालच्यांपेक्षा अधिक सरकलेले आढळले. म्हणजे आधी हात हलत होते, मग टेबल. पुढे त्यांनी हाताची हालचाल दाखवणारा काटा बसवला. तो नजरेसमोर ठेवताच टेबल हलेनासे झाले. बसलेली माणसे लबाड नव्हती. आपणच ढकलतो आहोत हे त्यांना कळत नव्हते. मनातली इच्छा माणसाला नकळत फसवते, हे या प्रयोगाने दाखवले.

हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध असला पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटे. त्यासाठी त्यांनी तारेच्या वेटोळ्यांतून वस्तू खाली टाकून पाहिल्या. वीज मिळाली नाही. आपला विश्वास कायम आहे, पण पुरावा हाती आला नाही, असे त्यांनी जाहीरपणे मांडले. १८६२ मध्ये चुंबकामुळे ज्योतीच्या वर्णपटात फरक पडतो का, हे त्यांनी तपासले. फरक दिसला नाही. तसेच वहीत लिहिले. अधिक चांगली साधने घेऊन १८९६ मध्ये झेमन यांनी तोच फरक शोधून काढला.

आता देवाचे काय? धर्मश्रद्धा आणि इतर बाबतींतला विश्वास यांची गल्लत करू नये, असे फॅरडे यांनी १८५४ च्या एका व्याख्यानात स्पष्ट केले होते. श्रद्धेच्या क्षेत्रात त्यांनी प्रयोगाचा आधार मागितला नाही. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असे का, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्तच आहे, आणि तुम्ही त्यावर वाद जरूर घालावा. आम्हांला एवढेच सांगावेसे वाटते, की आपल्या श्रद्धेला त्यांनी विज्ञानाचा शिक्का मारला नाही, आणि प्रयोगाचे उत्तर श्रद्धेखातर बदलले नाही.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. हायगेट येथे त्यांची साधी समाधी आहे.

मित्रहो, सत्याला रंग नाही, वजन नाही. तरी फॅरडे यांच्या वह्यांत ते जागोजागी भेटते. विशेषतः जेथे त्यांनी काहीच मिळाले नाही असे लिहिले आहे तेथे. आपल्या प्रयोगवहीत आकडे पुस्तकातल्या उत्तराशी जुळवून लिहिण्याचा मोह आपल्याला होतो. बाई किंवा सर पाहत नसतात, कोणालाच कळणार नसते. नेमक्या त्या वेळी आले तेच वाचन लिहावे. न दिसणारे सत्य खरे आहे की नाही, याचा प्रयोग ज्याचा त्याने असाच करून पाहायचा असतो.