विजयदुर्गाच्या बंदराचे राखणदार : सरखेल कान्होजी आंग्रे

वाघोटन खाडीच्या मुखावर उभ्या असलेल्या विजयदुर्गाचे सामर्थ्य केवळ त्याच्या तिहेरी तटबंदीत नव्हते. किल्ल्याच्या आडोशाला खाडीचे खोल, निवांत पाणी आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, तेव्हाही येथे नांगरलेल्या जहाजांना आसरा मिळतो. या बंदराचे मोल ओळखून त्यावर मराठ्यांचे आरमार उभे करणारे दर्यावर्दी म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

१६६९ च्या सुमारास जन्मलेल्या कान्होजींची उमेद सुवर्णदुर्गाच्या परिसरात घडली. १६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रे हाती येताच त्यांनी विजयदुर्गाला आपले प्रमुख ठाणे केले. पुढे बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहूंच्या पक्षास मिळाले आणि त्यांचे सरखेलपद कायम झाले.

किल्ला लढण्यासाठी, तर बंदर टिकण्यासाठी असते, हे त्यांच्या आरमाराचे सूत्र म्हणता येईल. किल्ल्यानजीक गिर्ये येथे कातळात खोदलेली गोदी आजही आंग्र्यांची म्हणून ओळखली जाते. उथळ बुडाची गलबते वल्ह्यांच्या बळावर खाडीत आतवर शिरत. परकीयांची अवजड जहाजे तेथवर पोहोचू शकत नसत. वारा पडला की ही गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत आणि गुराबांच्या नाळेवरील तोफा धडाडू लागत.

सागरी व्यापारावर पोर्तुगीज आपल्या ‘कार्ताझ’ या परवान्याची सक्ती करीत. कान्होजींनी त्याच न्यायाने आपले दस्तक घेणे जहाजांना भाग पाडले. परवाना दोघांचाही होता. चाचे मात्र कान्होजी ठरले. १७१७ आणि १७२० मध्ये इंग्रजांनी, तर १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर चाल केली. तिन्ही वेळा त्यांना हात हलवीत परतावे लागले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले. गोव्याचे व्हाइसरॉय जातीने मोहिमेवर होते. बाजीराव पेशव्यांची फौज कान्होजींच्या मदतीस धावली आणि पोर्तुगीजांनी तह करून काढता पाय घेतला. समुद्रावरील आरमार आणि जमिनीवरील घोडदळ एकदिलाने उभे राहिल्याचे ते फळ होते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे. त्यांच्यामागे पुत्रांत कलह माजला आणि दौलत कुलाबा व विजयदुर्ग अशी दुभंगली. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर विकोपाला जाऊन पेशव्यांनी इंग्रजांशीच हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर मारा केला. एका जहाजाने पेट घेतला आणि बंदरात लगोलग नांगरलेले अवघे आरमार काही तासांत भस्मसात झाले. ज्या पाण्याने तीन पिढ्यांच्या नौकांना आसरा दिला, त्याच पाण्यात त्यांची राख झाली. कान्होजींची तटबंदी शाबूत होती. ढासळला होता तो तिच्यामागचा एकोपा.